हरवलेला आठवा हिस्सा

"ताई, मशीन ठणठणीत आहे. हा बघ आकडा." भावाने फोन माझ्यासमोर धरला. मशीन म्हणजे बिटकॉइन मायनर, बिटकॉइन मिळवण्यासाठी रात्रंदिवस आकडेमोड करणारं यंत्र. त्याच्या स्टेटस पानावर हॅशरेट, म्हणजे या आकडेमोडीचा वेग, होता सेकंदाला 13.52 टेराहॅश, म्हणजे साडेतेरा लाख कोटी हॅश; एक हॅश म्हणजे उत्तर शोधायचा एक प्रयत्न. अँटमायनर एस9 या मॉडेलकडून एवढीच अपेक्षा असते. पण माझ्या लॅपटॉपवर पूलचं, म्हणजे अनेकांची मशीन मिळून काम करतात आणि कमाई वाटून घेतात त्या गटाचं, पान उघडं होतं आणि तिथे मागच्या 24 तासांची सरासरी 11.8 दिसत होती.

ही गोष्ट 2019 ची. मशीन भावाचं, पण ते असायचं माझ्या कामाच्या खोलीत. मी अँप्लिफायर दुरुस्त करते, त्यामुळे जाड वायरिंग, भरवशाचं अर्थिंग आणि गरम हवा बाहेर फेकणारा मोठा पंखा माझ्याकडे आधीपासून होता. ठेवायला जागा दिली तशी मशीनची काळजीही माझ्याकडेच आली. आजही कुणी मला "मायनर कमी चालतोय, काय करू?" असं विचारलं की मी त्या पंधरा दिवसांबद्दल सांगते. मशीन कमी काम करत असेल तर ते काम नेमकं कुठे गळतंय हे शोधायचं मी तेव्हा शिकले.

तेव्हा घरात दोन आकडे होते आणि दोन्ही खरे होते. मशीनच्या पानावरचा हॅशरेट म्हणजे या घडीला चिपांकडून किती उत्तरं येतायत त्यावरून केलेला हिशेब. पूलला आपली मशीन दिसतच नाही. त्याच्या हाती पडतात फक्त शेअर, म्हणजे काम केल्याचा पुरावा म्हणून मशीन पाठवतं ती उत्तरं, आणि तो शेअर मोजून मागे अंदाज बांधतो. म्हणजे मशीन सांगतं आत्ता काय चाललंय, पूल सांगतो दिवसभरात काय पोचलं. भावाचा विश्वास पहिल्या आकड्यावर होता, माझा दुसऱ्यावर.

"पूलचा आकडा काय गं, नशिबावर वरखाली होतोच," तो म्हणाला. होतो, पण किती होतो ते मोजता येतं. आमच्या पूलने शेअरची डिफिकल्टी, म्हणजे एक शेअर सापडणं किती कठीण ते, 8192 ठेवली होती. एका डिफिकल्टीच्या शेअरमागे सरासरी दोनाचा बत्तिसावा घात, म्हणजे सुमारे 430 कोटी हॅश लागतात. त्याला 8192 ने गुणलं की साधारण 35 लाख कोटी. आपलं मशीन सेकंदाला साडेतेरा लाख कोटी हॅश करतं, तेव्हा एक शेअर सरासरी 2.6 सेकंदांनी सापडायला हवा. दहा मिनिटांत 230, तासाला 1380, दिवसाला 33 हजारांच्या आसपास. अशा यादृच्छिक मोजणीत होणारा चढउतार त्या संख्येच्या वर्गमूळाएवढा असतो. दहा मिनिटांच्या 230 शेअरमध्ये 15 इकडेतिकडे, म्हणजे साडेसहा टक्के. तासाला पावणेतीन टक्के. आणि दिवसभराच्या 33 हजारांत फक्त 182, म्हणजे अर्धा टक्का.

म्हणून दहा मिनिटांचा आलेख बघून कुणी घाबरू नये, आणि 24 तासांचा आकडा साडेबारा टक्के खाली असेल तर कुणी तो नशिबाच्या माथी मारू नये. आमचा आठवा हिस्सा रोज खरोखरच हरवत होता.

हरवलेल्या कामाला जायच्या वाटा मोजक्याच असतात. शेअर पोचतात पण उशिरा पोचल्यामुळे नाकारले जातात, ही एक. तेव्हा पूलच्या पानावर रिजेक्टचा आकडा फुगतो. आमचा एक टक्क्याच्याही खाली होता. मुख्य पूलशी जोडणी तुटली की मशीन दुसऱ्या-तिसऱ्या पूलकडे वळतं आणि शेअर तिकडे जमा होतात, ही दुसरी. तिन्ही पूलच्या ओळी तपासल्या, राखीव दोघांकडे शून्य शेअर. सेटिंगमध्ये कुणी पूलवरचं खातं किंवा वर्करचं, म्हणजे पूलमध्ये आपल्या मशीनला दिलेलं, नाव बदललेलं नाही ना, हेही पाहिलं. मूळचा पासवर्ड तसाच ठेवलेली मशीन नेटवर उघडी पडली तर दुसऱ्यासाठी राबायला लागतात. आमचं नाव जागेवर होतं.

मग उरलं मशीन. त्याच्याकडून किती हॅशरेट अपेक्षित आहे हे जाहिरातीतल्या आकड्यावरून न ठरवता स्वतः काढता येतं, आणि माझ्या मते एस9 असणाऱ्या प्रत्येकाने एकदा तरी काढावं. एका बोर्डवर 63 चिपा, प्रत्येक चिपमध्ये हॅश काढणारे 114 कोअर. आमची फ्रिक्वेन्सी 625 मेगाहर्ट्झ होती. तिन्हींचा गुणाकार केला की एका बोर्डचे 4.49 टेराहॅश होतात, तीन बोर्डांचे 13.47. स्टेटस पानावर सहा, सात, आठ अशा क्रमांकाच्या तीन चेन दिसतात, म्हणजेच ते तीन बोर्ड. तिन्ही ओळींत साडेचारच्या आसपास आकडे होते. चिपांच्या स्थितीच्या रकान्यात आठ-आठच्या गटात छोटे गोल, एकाही जागी फुली नाही. हार्डवेअर एरर, म्हणजे चिपांची चुकलेली उत्तरं, हीही तिन्ही चेनवर सारख्याच आणि नगण्य. बघावं तेव्हा मशीन निरोगी.

बघावं तेव्हा! घोडं इथेच अडलं होतं, पण तेव्हा मला ते दिसलं नाही. कळलं ते कानाला.

तिसऱ्या रात्री मी शेजारच्या खोलीत उशिरापर्यंत जागी होते. एस9 च्या पंख्यांचा आवाज म्हणजे एकसुरी घोंघाट, सवयीने तो ऐकू येईनासा होतो. साडेबाराच्या सुमारास तो एकदम थांबल्यासारखा झाला, मग उसळून वर गेला, दोनेक मिनिटं पूर्ण जोरात राहिला आणि हळूहळू उतरत पुन्हा नेहमीच्या सुरावर आला. आयुष्य स्पीकरसमोर गेल्यामुळे असेल, पण सूर बदललेला मला झोपेतही कळतो. सव्वा वाजता तेच. दोनच्या आसपास पुन्हा तेच. मशीन सुरू होताना पंखे आधी पूर्ण वेगाने फिरतात. म्हणजे ते रात्रभर आपलं आपण पुन्हा पुन्हा सुरू होत होतं.

फोन घेऊन स्टेटस पान उघडलं आणि तीन दिवसांत ज्याकडे नजर गेली नव्हती तो रकाना वाचला. मशीन किती वेळ सलग चालू आहे ते त्यात असतं. तिथे होतं 6 मिनिटं 11 सेकंद. जे मशीन आम्ही नऊ दिवस बंद केलं नव्हतं, ते सलग चालून सहाच मिनिटं झाली होती.

हिशेब लगेच जुळला. दर 40 मिनिटांनी एकदा बसायचं, पुन्हा उठून चिपा मोजायच्या, फ्रिक्वेन्सी चढवायची, पूलशी बोलायचं, यात पाच मिनिटं जायची. चाळिसातली पाच म्हणजे आठवा हिस्सा. भाऊ दिवसातून चार वेळा पान बघायचा आणि बहुतेक वेळा ते चालू पस्तीस मिनिटांतच उघडायचा. तेव्हापासून कोणाचंही मशीन बघताना मी हॅशरेटच्या आधी हा वेळ वाचते.

आता कर्नल लॉग, म्हणजे काय काय घडलं याची मशीनने स्वतः ठेवलेली नोंद. एस9 चा लॉग मेमरीत राहतो, वीज काढली की पुसला जातो. म्हणून बटणाला हात लावण्याआधी तो सगळा कॉपी करून फाईलमध्ये ठेवला. घाईत प्लग काढणारे इथेच सगळा पुरावा घालवतात, आणि मला त्याचं मनापासून वाईट वाटतं, कारण पुढचे चार दिवस मग अंदाजावर जातात. आमच्या लॉगमध्ये दर खेपेला एकच कहाणी होती: आधी सात नंबरच्या चेनचा तापमानाचा सेन्सर उत्तर देईना, पाठोपाठ ती चेनच गप्प, मग सगळं नव्याने सुरू, आणि "63 चिपा सापडल्या" अशी तीन चेनची तीन समाधानी वाक्यं.

सात नंबर म्हणजे मधला बोर्ड. पण दोष बोर्डमध्ये, डेटाच्या पट्टीत म्हणजे चपट्या केबलमध्ये, तिन्ही बोर्ड चालवणाऱ्या कंट्रोल बोर्डच्या सॉकेटमध्ये की वीजपुरवठ्यात? मशीन बंद करून सहा आणि सातच्या डेटा पट्ट्यांची कंट्रोल बोर्डकडची टोकं आपसांत बदलली. बाकी काही हलवलं नाही. पाऊण तासाने लॉगमध्ये गप्प झाली ती सहा नंबरची चेन. दोष मधल्या बोर्डबरोबर गेला, म्हणजे कंट्रोल बोर्ड निर्दोष सुटला. मग डेटाची पट्टी बदलली, दोष बोर्डपाशीच राहिला. आता उरले दोघे: बोर्ड, नाहीतर त्याला येणारी वीज.

इथे नेहमीची पद्धत म्हणजे बोर्ड काढून दुसऱ्या जागी बसवायचा. मी ते मुद्दाम केलं नाही. बोर्ड काढायचा तर विजेचे कनेक्टर काढून पुन्हा बसवावे लागतात, आणि दोष कनेक्टरमध्ये असेल तर नुसतं काढून बसवण्याने तो काही दिवस दडून बसतो. आपल्याला वाटतं बरं झालं, आणि तो सावकाश परत येतो. म्हणून आधी चालू मशीनवर लांबून इन्फ्रारेड थर्मामीटर धरला. एस9 च्या प्रत्येक बोर्डला सहा पिनांचे तीन कनेक्टर लागतात, कंट्रोल बोर्डला एक, असे एकूण दहा. नऊ कनेक्टरांचं प्लास्टिक 40 ते 50 अंशांच्या मध्ये होतं. मधल्या बोर्डच्या कडेच्या एका कनेक्टरने दाखवले 97.

वीज बंद केली, कपॅसिटर रिकामे व्हायला वेळ दिला आणि टॉर्च घेऊन जवळून पाहिलं. त्या कनेक्टरच्या पांढऱ्या भागावर चहाच्या डागासारखी तपकिरी कड आली होती. खोबणीची धार मऊ होऊन किंचित झुकली होती. ओढला तर सुटेना. हलवत हलवत काढला तेव्हा आतल्या एका पिनेवरचा चकाकता मुलामा जाऊन ती काळसर निळी झालेली दिसली, आणि जळक्या प्लास्टिकचा तो ओळखीचा वास आला.

पण गुन्हेगार तो नव्हताच. तो पूर्ण आत बसलेला होता, त्याची खिटी नीट अडकलेली होती. खिटी अडकली नव्हती ती शेजारच्या दोघांची. ते अर्धवट बसून वरून मात्र बसल्यासारखे दिसत होते.

गणित करून पाहिलं तर अंगावर काटा येतो. सगळं मशीन 1,300 वॉटच्या आसपास खातं, म्हणजे एका बोर्डला 430 वॉट. 12 व्होल्टवर ते होतात 36 अँपिअर. तीन कनेक्टर, प्रत्येकात धन बाजूच्या तीन पिना, म्हणजे नऊ पिनांत वाटून प्रत्येकीला 4 अँपिअर. दोन कनेक्टरांनी नीट पकडलं नाही तर जवळजवळ सगळा भार तिसऱ्याच्या तीन पिनांवर येतो, एकेकीवर 12 अँपिअरपर्यंत. अशा पिना साधारण 8-9 अँपिअरच्या असतात. प्रवाह तिप्पट झाला की उष्णता नऊपट होते, कारण ती प्रवाहाच्या वर्गावर जाते. पिन तापते, तापून तिची पकड सैल होते, पकड सैल झाली की रोध वाढतो, रोध वाढला की आणखी तापते. त्यात बोर्डवरचा व्होल्टेज बदलणारा कन्व्हर्टर चिपांना ठरलेलं व्होल्टेज द्यायलाच बसलेला असतो. त्याच्याकडे येणारं व्होल्टेज पडलं की तो तेवढीच वॉट मिळवायला जास्त प्रवाह ओढतो, म्हणजे पिनेवर आणखी भार. शेवटी व्होल्टेज इतकं पडतं की बोर्ड बंद पडतो. मशीन नव्याने सुरू होतं त्या पाच मिनिटांत भार उतरतो, पिन थंड होते, आणि पुढची पस्तीस मिनिटं सगळं छान. ते 40 मिनिटांचं घड्याळ आलं होतं ते पिनेच्या तापण्या-निवण्यातून.

आणि ते दोन कनेक्टर अर्धवट बसवले होते मी. नऊ दिवसांपूर्वी मी मशीन उघडून साफ केलं होतं. वहीत नोंद होती, आणि पूलच्या आलेखातली उतरणही त्याच आठवड्यातली. त्या रात्री मला झोप लागली नाही. ते प्लास्टिक आणखी पंधरा दिवस तसंच तापत राहिलं असतं तर काय झालं असतं, हे मला कामामुळे पुरतं माहीत आहे.

साफसफाई करायला मात्र हवीच होती, आणि ती कधी करायची हे ओळखण्याची खूण सांगते. तापमानाकडे बघू नका, पंख्याच्या फेऱ्यांकडे बघा. फर्मवेअर, म्हणजे मशीनमधलं सॉफ्टवेअर, तापमान ठरलेल्या जागी ठेवायला पंख्याचा वेग वाढवत राहतं, त्यामुळे धूळ साचली तरी तापमानाचा आकडा बराच काळ तोच दिसतो. आमचे पंखे दोन महिन्यांत मिनिटाला 4,300 फेऱ्यांवरून 5,600 वर गेले होते, आणि खोलीची हवा तर तेवढीच गरम होती. पंखे कमाल वेगाला टेकले की मगच तापमान चढायला लागतं, आणि मग ते भराभर चढतं. हवा मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. मोकळं सोडलं तर ते भन्नाट फिरतं, बेअरिंग खराब होतं आणि पंखा उलटा जनित्र बनून वीज परत पाठवतो. दोन्ही पंख्यांवरचे बाण एकाच दिशेला आहेत ना, हेही मशीन परत जोडण्यापूर्वी बघा. आणि प्रत्येक कनेक्टर आत ढकलताना खिटीचा टक् आवाज ऐका, नंतर वायर न ओढता कनेक्टर धरून हलकेच मागे ओढून बघा.

दुरुस्तीला दोन दिवस गेले. नुसता वायरकडचा कनेक्टर बदलून भागत नाही. बोर्डवरच्या सॉकेटची पिन भाजलेली असेल तर ती नव्या कनेक्टरलाही महिन्याभरात तसंच भाजते. सॉकेट काढणं हे खरं कष्टाचं काम. बोर्डमधला तांब्याचा थर इतका जाड असतो की साध्या सोल्डरिंग आयर्नची सगळी उष्णता तो पिऊन टाकतो. खालून गरम हवा देऊन बोर्ड आधी तापवला, मग एकेक पिन मोकळी केली. पॉवर सप्लायच्या वायरी आतून सोल्डर केलेल्या असतात, म्हणून तपकिरी झालेला भाग कापून नवीन पिना दाबून पक्क्या (क्रिम्प) केल्या. दरम्यान भावाने सुचवलं की घरात पडलेला दुसरा पॉवर सप्लाय त्या एका कनेक्टरला जोडू. ते कधीही करू नये. एका बोर्डला दोन वेगवेगळ्या सप्लायची वीज दिली की दोघांच्या व्होल्टेजमधला बारीकसा फरकही आपसांत भांडतो, आणि त्यात सप्लाय किंवा बोर्ड जातो.

इतर तऱ्हेचे दोष नंतर पुष्कळ पाहिले. ते ओळखायला आकड्यांचा तुटवडा कुठे आहे तेवढं पुरतं. हॅशरेट बरोबर एक तृतीयांशाने पडला तर अख्खा बोर्ड गेलाय. एकाच चेनवर हार्डवेअर एरर चढतायत आणि फुल्या दिसतायत, तर तिथल्या चिपा तापतायत किंवा व्होल्टेज अपुरं आहे. अशा एका बोर्डवर चिपेवर चिकटवलेला हीटसिंक, म्हणजे उष्णता ओढून घेणारा धातूचा तुकडा, सुटून शेजाऱ्यावर टेकलेला मला सापडला होता. बोर्ड हातात घेतल्यावर काही खुळखुळलं तर आधी तो सुटलेला हीटसिंक बाहेर काढा, मग वीज द्या. लॉगमध्ये 63 ऐवजी 41 चिपा सापडल्या असं आलं तर शोध 41-42 च्या आसपास सुरू करावा, कारण सिग्नल एका चिपेतून पुढच्या चिपेत असा साखळीने जातो आणि साखळी तिथे तुटलेली असते. एस9 च्या बोर्डवर तीन-तीन चिपांचे 21 गट एकापुढे एक जोडलेले असतात, प्रत्येकावर 0.4 व्होल्टच्या आसपास. मल्टिमीटर घेऊन ते ओळीने मोजत गेलं की वेगळा पडलेला गट सापडतो.

आणि कमाई कमी झाली म्हणून कोणी मशीन उघडू नका. सगळ्या बिटकॉइन नेटवर्कची डिफिकल्टी दर 2016 ब्लॉकनंतर (ब्लॉक म्हणजे व्यवहारांच्या नोंदींचा गठ्ठा), साधारण दोन आठवड्यांनी बदलते. एका ब्लॉकमागचं बक्षीस मे 2020 मध्ये 12.5 बिटकॉइनवरून 6.25 झालं आणि एप्रिल 2024 मध्ये 3.125. या दोन्ही वेळा अनेकांनी मला मशीन बघायला सांगितलं, आणि त्यातली बहुतेक मशीन पूर्ण बरी होती. कमाई मोजू नका, स्वीकारले गेलेले शेअर मोजा.

सॉकेट बदलल्यावर पहिला तासभर मी थर्मामीटर घेऊन समोर बसून होते. दहाही कनेक्टर 50 अंशांच्या आत. रात्री दार उघडं ठेवून झोपले. घोंघाटाचा सूर एकदाही हलला नाही. दुसऱ्या दिवशी पूलची 24 तासांची सरासरी 13.4 आली. भावाने आनंदाने मशीनच्या पानाचा फोटो पाठवला, त्यात 13.49 ला गोल केला होता. मी त्याला म्हटलं, "अरे, तो नको, सलग किती वेळ चाललंय ते पाठव." अकराव्या दिवशी त्याचा नुसताच एक फोटो आला, वर एक शब्दही नाही. 10 दिवस, 22 तास, 47 मिनिटं.